पूर्वापार आणि जन्मसिद्ध

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी हजारो माणसे जमली, तेव्हा त्यांच्यापुढे दोन कागद होते. एक होता परिषदेच्या मांडवात मंजूर झालेला हक्कांचा जाहीरनामा. सर्व माणसे जन्मतः समान दर्जाची आहेत आणि मरेपर्यंत तशीच राहतात, असा त्याचा आशय होता. डॉ. आंबेडकरांनी आपल्या भाषणात १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेची आठवण करून दिली होती आणि तो सूर ठरावात उतरला होता. दुसरा कागद महाडच्या दिवाणी कोर्टाचा, १४ डिसेंबरचा तात्पुरता मनाईहुकूम. तळ्यावर अस्पृश्यांनी न येण्याची चाल पूर्वापार आहे, ती मोडू देऊ नये, असा दावा गावातल्या काही सवर्णांनी लावला होता. सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक शहरातून निघाली, पण पाण्याला कुणी हात लावला नाही.

दावा पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला. महाडचे कोर्ट, ठाण्याचे अपील आणि शेवटी मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. तो कशाच्या आधारावर दिला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माणसे जन्मतः समान आहेत म्हणून तळे सर्वांना खुले, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणाले नाहीत. वादी ज्या चालीचा दाखला देतात ती स्मरणातीत काळापासून चालत आल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही, एवढेच ते म्हणाले. चाल सिद्ध झाली असती तर ती अवाजवी आहे काय, लोकहिताच्या धोरणाविरुद्ध आहे काय, हे कदाचित पाहावे लागले असते, असेही निकालात आहे. पण ती वेळ आली नाही. जाहीरनाम्याने मांडलेल्या प्रश्नाला कोर्टाने हात घातला नाही. वहिवाट वहिवाटीच्याच नियमांनी हरली.

वहिवाट आणि निसर्ग, या दोन्ही ठिकाणांहून माणसे हक्क मागतात. हे पुस्तक या दोन मागण्यांच्या नात्याविषयी आहे. एका मागणीत म्हटले जाते, ‘आमच्या वाडवडिलांपासून असे चालत आले आहे.’ दुसरीत म्हटले जाते, ‘आम्ही माणसे आहोत, एवढे पुरे.’ राजाच्या हुकमापुढे दोघी एका बाजूला उभ्या राहतात. कायदा राजाने निर्माण केलेला नाही, तो राजाच्या आधीपासून आहे, यावर त्यांचे एकमत असते. राजा बाजूला झाला की त्या एकमेकींच्या अंगावर येतात. या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत यांतली एकच बाजू असते. नैसर्गिक कायद्याचा इतिहास लिहिणारे सिसेरोपासून लॉकपर्यंत तत्त्वज्ञांच्या खांद्यांवरून चालत जातात. रूढीचा इतिहास लिहिणारे गावाच्या पारावरून उठत नाहीत. म्हणून इथे दोन्ही एकत्र ठेवले आहे.

आधी रोम, कारण तिथे ही दोन्ही एका घरात नांदत होती. इसवी सनापूर्वी २४२ च्या सुमारास रोममध्ये परकीयांचे तंटे पाहण्यासाठी वेगळा न्यायाधिकारी नेमला गेला. ग्रीक व्यापारी आणि सीरियाचा गलबतवाला भांडले तर त्यांना रोमी नागरिकांचा कायदा लावता येत नव्हता. तेव्हा सगळ्या लोकांत जे सारखे दिसते ते घ्यावे, अशी रीत पडली. पुढे स्टोइक विचारवंतांच्या संगतीने कायदेपंडित म्हणू लागले की सर्वांत सारखे आहे ते निसर्गानेच शिकवलेले असणार. हेन्री मेन यांनी १८६१ च्या आपल्या ‘एन्शंट लॉ’ या ग्रंथात ही वाट दाखवली. तिच्या तपशिलावर नंतर बरेच वाद झाले, तरी वाट मला पटते. तिच्यात निसर्ग रूढींच्या बाजारातून उभा राहतो, आकाशातून पडत नाही.

मात्र रोमी पंडित प्रामाणिक होते. जगभर चालणारी एक रीत निसर्गात बसत नाही, हे त्यांना दिसत होते. ती रीत म्हणजे गुलामगिरी. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ५३३ साली तयार झालेल्या संग्रहात फ्लोरेंटिनसचे मत नोंदलेले आहे. गुलामगिरी सर्व राष्ट्रांच्या प्रथेने आलेली आहे आणि ती निसर्गाच्या विरुद्ध आहे, असे तो म्हणतो. एवढे म्हणून तो पुढच्या मुद्द्याकडे वळतो. गुलामांना सोडा, असे कुणी म्हणत नाही. निसर्गाविरुद्ध असलेली गोष्ट कायदेशीर असू शकते, हे इतक्या थंडपणे मान्य केलेले दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आपल्याकडच्या स्मृतिकारांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवायचा प्रयत्न केला. धर्माची मुळे सांगताना श्रुती-स्मृतींच्या पाठोपाठ सदाचार आला आणि देश, जात, कुळ, श्रेणी यांचे आपापले आचार राजाने जपावेत असा दंडक आला. कौटिल्य इथे रोखठोक आहे. शास्त्र आणि न्याययुक्त विचार यांत विरोध आला तर न्याय प्रमाण मानावा, तिथे ग्रंथाचा पाठ चालत नाही, असे तो सांगतो. त्याच प्रकरणात राजाज्ञेला तो सर्वांत वरचे स्थान देतो. म्हणजे दोन दरवाजे उघडून तिसऱ्यात राजाला बसवतो.

पश्चिमेकडे नैसर्गिक कायद्याचे नैसर्गिक हक्कांत रूपांतर होण्याची गोष्ट मोठी आहे आणि ती इथे घाईनेच सांगतो. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने बुद्धीला कळणारा ईश्वरी नियम मांडला. त्यात माणसाने काय करावे याला महत्त्व होते. सतराव्या शतकात माणसाला काय मागता येते याला महत्त्व आले. मधे सालामांकाचे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया आहेत. अमेरिकेतले मूळ रहिवासी ख्रिस्ती नसले तरी आपल्या जमिनींचे खरे मालक आहेत, असे त्यांनी १५३९ साली विद्यापीठात सांगितले. आणि मग ह्यूगो ग्रोशियस आहे. तो मात्र आपल्या किनाऱ्याशी जोडलेला असल्याने त्याला घाईने सोडता येत नाही.

१६०३ साली डच कप्तान हेमस्कर्कने सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ नावाचे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले. लूट प्रचंड होती आणि ती घेणे न्याय्य ठरवायला डच ईस्ट इंडिया कंपनीला एक हुशार वकील हवा होता. विशीतल्या ग्रोशियसने जे लिहिले त्यातले एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, या नावाने निनावी छापले गेले. समुद्र निसर्गतः कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. पूर्वेकडच्या देशांना त्यांचे राजे आहेत, कायदे आहेत, मालमत्ता आहे. पोपच्या दानपत्राने ते पोर्तुगालचे होत नाहीत. हा युक्तिवाद गोव्याच्या सत्तेवर नेमका बसत होता, कारण पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा केला होता. परवाना नसलेले गलबत लुटायला मोकळे. नैसर्गिक हक्कांच्या इतिहासातला हा महत्त्वाचा कागद एका लुटीच्या समर्थनार्थ लिहिला गेला. युक्तिवाद त्यामुळे खोटा ठरत नाही, पण तो कुणाच्या खर्चाने लिहिला गेला हे विसरू नये.

शंभर वर्षांनी कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर आपले दस्तक देऊ लागले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले. पोर्तुगीजांचा परवाना जुना झाला म्हणून तो राज्यकारभार आणि आंग्र्यांचा नवा म्हणून ती चाचेगिरी, याला निसर्गाचा नियम म्हणता येत नाही.

त्याच पोर्तुगीजांनी जमिनीवर वेगळे धोरण धरले. गोवा १५१० मध्ये जिंकल्यावर सोळा वर्षांनी, १६ सप्टेंबर १५२६ रोजी, महसुलाचा मोठा अधिकारी आफोंसो मेशिया याच्या नावाने तिसवाडीतल्या गावांच्या रीतिरिवाजांची नोंद झाली. तिला फोराल म्हणतात. पोर्तुगालमध्ये राजा मध्ययुगात गावांना आणि नगरांना जी सनद देई तिचे हे नाव. गावकार एकत्र बसून गावाचा कारभार कसा चालवतात, शेते भाड्याने कशी देतात, कुळकर्ण्याचे काम काय, वारसा कुणाकडे जातो, गावाने भरायचा महसूल कसा वाटायचा, हे सारे त्यात आहे. राजा बदलला तरी गावकारी चालू राहील, असे त्याचे आश्वासन होते. हेतू मात्र उघड होता. गावाची रीत मोडली तर महसूल कोण भरणार? आश्वासनही अर्धेच पाळले गेले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली आणि देवळांच्या जमिनी चर्चच्या संस्थांकडे गेल्या. गावकारी उरली, पण तिच्या मधोमध असलेला देव गेला. आणि गावकारीचा लाभ, म्हणजे जोण, मूळ गावकारांच्या पुरुष वंशजांनाच मिळे. बायका त्यात नव्हत्या, शेतात राबणारी बहुतेक कुळेही नव्हती.

मराठी मुलखातली गोतसभा यापेक्षा रुंद होती, आणि तिच्याविषयी मला थोडे जास्त बोलायचे आहे. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचे असंख्य महजर उपलब्ध आहेत. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात त्यांचा कसून अभ्यास केला आहे. पाटीलकीवर दोघे हक्क सांगत आले की अग्रवादी आणि पश्चिमवादी असे त्यांना म्हणत. दोघांच्या तकरिरी लिहून घेत. निवाडा मानू, असा राजीनामा घेत आणि जामीन घेत. मग गोत बसे. गोतात देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी आणि बलुतेदार. साक्षी देवळात किंवा नदीकाठी, बेलभंडार उचलून. आपल्या गावात न्याय मिळणार नाही असे वाटले तर दुसरे थळ मागता येई. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरायची आणि येजितपत्र लिहून द्यायचे. म्हणजे आपण हरलो हे स्वतःच्या हाताने लिहायचे. आजच्या कोर्टांत हरलेला माणूस तसे कधी लिहीत नाही, तो अपिलाची तारीख विचारतो. महजराखाली पाटलाच्या नावापाशी नांगर काढत, बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या खुणा करत. त्या खुणा पाहताना कायदा कुणाच्या हातात होता ते दिसते. पाटीलकीचा वाद छत्रपतींकडे गेला तरी तो बहुधा गोताकडेच परत येई. गाव करी ते राव न करी, ही म्हण नुसती बढाई नव्हती.

साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर दिव्य. कढत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून ठेवायचा, ठरलेल्या दिवशी हात उघडून पाहायचा. त्याला रवादिव्य म्हणत. पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्या समाजाला पाच मुखे गप्प राहिली तेव्हा परमेश्वरालाच साक्षीला बोलवावे लागे. हे रानटी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण दिव्य करायचे ठरल्यावर एखादा पक्ष माघार घेई, तडजोड होई, असेही कागदांतून दिसते.

मला या व्यवस्थेबद्दल जिव्हाळा आहे, भोळेपणा मात्र नको. गोताचे दार वतनदाराला उघडे होते. उपऱ्याला, पोटापुरती जमीन कसणाऱ्याला, तिथे आवाज नव्हता. आणि महाराची जागा पाहा. गावाच्या शिवेचा वाद पडला तर त्याचा शब्द सर्वांत वजनदार, कारण शीव कुठून जाते हे त्याच्या घराण्याला ठाऊक. वतनाचे बावन्न हक्क त्याच्याकडे, असे परंपरा सांगते. त्याच गावाच्या विहिरीवर त्याला जाता येत नव्हते. एकाच वहिवाटीने त्याला हक्क दिले आणि त्याच वहिवाटीने बेगारीला बांधले. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली ती याच गाठीवर घाव घालण्यासाठी. शेवटी कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने गेली.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पंचायत टिकवायची होती. १८१९ च्या अहवालात त्याने तिचे गुण सांगितले आणि दोषही लपवले नाहीत. दिरंगाई होते, पंच हजर राहत नाहीत, निवाड्याची अंमलबजावणी धड होत नाही. पुढे आर्थर स्टील यांनी दख्खनमधल्या जातींना त्यांच्या चालीरीती विचारून विचारून संग्रह केला. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनमध्ये कोर्टांसाठी क्रम ठरला. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर त्या मुलखाची वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय किंवा शरियती कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. वहिवाट धर्मग्रंथांच्या वर बसली, हे या क्रमातले मोठे आश्चर्य. आणि तळाशी, काहीच न उरल्यावर वापरायचा म्हणून, नैसर्गिक कायदा सद्सद्विवेकाच्या वेषात आत आला.

त्या सद्सद्विवेकाचे पुढे काय झाले? १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगून टाकले की त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे इंग्लिश कायद्याचे नियम, ते इथल्या समाजाला लागू पडत असतील तर. निसर्ग टेम्सच्या काठी राहतो, असेच म्हणा ना. आणि वहिवाट लिहून काढली की ती गोठते. गावाच्या तोंडी होती तेव्हा ती हळूहळू बदलत होती, न बोलता बदलत होती. कोर्टात तिला आपले वय सिद्ध करावे लागले. महाडच्या निकालापर्यंत जाणारी वाट इथूनच फुटते.

प्रिव्ही कौन्सिलच्या त्या निकालाच्याच दशकात रखमाबाईचा खटला गाजला. लहानपणी लागलेले लग्न तिला मान्य नव्हते. न्यायमूर्ती पिनी यांनी १८८५ मध्ये तिला नवऱ्याच्या घरी पाठवायला नकार दिला. अशी सक्ती रानटीपणाची होईल, असे त्यांना वाटले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. नांदायला येण्याचा दावा हा हिंदू वहिवाटीतला नव्हेच, तो इंग्लंडच्या धर्मपीठांच्या कायद्यातून आलेला आहे. अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये तिला नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला आणि तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. वहिवाटीच्या नावाने तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत टिळकांचा ‘केसरी’ही होता. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याला विरोध करताना सरकारने रूढीत ढवळाढवळ करू नये असे म्हणणारे टिळक पुढे स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हणाले. राज्यकर्त्याविरुद्ध निसर्गाकडे जायचे आणि घरात रूढीकडे, ही सोय त्या काळात पुष्कळांना हवीशी वाटली.

जोतीराव फुल्यांना ही सोय नको होती. तरुणपणी त्यांनी थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले होते. १८७३ मधली ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली. आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना स्वतंत्र आणि हक्कांना पात्र असे निर्माण केल्याचे मांडले. स्त्री आणि पुरुष असे दोघांचे वेगळे नाव घेण्याची काळजी फ्रेंच जाहीरनाम्यानेही घेतली नव्हती. हे केवळ तत्त्वज्ञान नव्हते. सत्यशोधकांनी भटजीविना लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा ग्रामजोशी दक्षिणा वतन म्हणून मागू लागले. मला बोलावले नाही तरी माझी दक्षिणा द्या, कारण हक्क पूर्वापार आहे! कोर्टांनी काही वेळा तो मान्यही केला. हा प्रकार कायद्याने बंद व्हायला १९२६ साल उजाडले. मराठीत नैसर्गिक हक्कांवर लिहिणाऱ्याने लॉकच्या आधी फुल्यांकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लॉकने राजाशी वाद घातला. फुल्यांना गावाशी घालावा लागला, आणि गाव अधिक चिवट असते.

संविधानाच्या तेराव्या कलमात कायद्याच्या व्याख्येत रूढी आणि वहिवाटीचाही समावेश आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तिथे तीही रद्द. पण हे हक्क संविधानाने दिले की फक्त ओळखले? आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितले की जगण्याच्या हक्कासाठी त्या काळात कोर्टाकडे येता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात गेले. एकविसावे कलम नसते तरी सरकारला कायद्याविना कुणाचा जीव घेता आला नसता, असे त्यांचे म्हणणे. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाच्या निकालात तो जुना निर्णय रद्द ठरला, आणि तो रद्द ठरवणारे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड. जगण्याचा हक्क माणसापासून वेगळा करता येत नाही, तो संविधानाने निर्माण केलेला नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत आले.

मग वहिवाट संपली का? २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांच्या परंपरागत हक्कांना मान्यता दिली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये त्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आणि आज तिथली ग्रामसभा आपल्या बांबूचा कारभार पाहते. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. त्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, कारण जातपंचायती अजूनही कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकत होत्या. बैठक दोन्हीकडे झाडाखालीच होत असेल, आणि पूर्वापार हा शब्दही दोन्हीकडे ऐकू येतो. पुस्तकाचे पहिले प्रकरण मेंढ्यापासून सुरू होते आणि रोम तिसऱ्यात येते. वाचकाने हवे तर क्रम बदलून वाचावे, पण महाडच्या निकालपत्रावरचे प्रकरण गोतसभेच्या प्रकरणाआधी वाचू नये, एवढी विनंती आहे.